सरांचा उजवा पाय

जगात ज्या गोष्टी अजून धडधाकट आहेत, त्या आमच्या सरांनी त्यांची वेळेवर काळजी करून ठेवल्यामुळेच धडधाकट आहेत, अशी माझी ठाम समजूत आहे. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या गच्चीवरची पाण्याची टाकी अजून कुणाच्या डोक्यावर पडलेली नाही, आडगाव नाक्यावरचा तो झुकलेला जाहिरातीचा फलक अजून झुकलेलाच आहे आणि माझा संसार चालू आहे. या तिन्ही बाबतींत सर वेगवेगळ्या प्रसंगी मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "अरे, मला जरा धाकधूक वाटते." सर म्हणजे प्रथम वर्षाचे सर. आमचं कॉलेज नाशिकहून सिन्नरकडे जाताना लागतं. तिथे बारावीची धुंदी न उतरलेली पोरं दरवर्षी येतात आणि सर त्यांना इंजिनिअरिंगची ओळख करून देतात. मी त्यांच्या हाताखालचा. मेकॅनिकलचा प्राध्यापक. ही ओळख मी एरवी छाती काढून सांगतो, पण या लेखात ती पुढे माझ्याच अंगावर येणार आहे, म्हणून आत्ता हळू आवाजात सांगतो.

सरांना ओळखायचं तर त्यांच्या उजव्या पायापासून सुरुवात करावी लागते. सर स्वतः कुठलंही वाहन चालवत नाहीत, पण ते ज्या वाहनात बसतात त्याचे सगळे ब्रेक तेच लावतात. एसटी असो, काळी-पिवळी जीप असो की माझ्या स्कूटरची मागची सीट, समोर म्हैस दिसली, वळण दिसलं, नुसता सावलीचा पट्टा जरी दिसला, तरी सरांचा उजवा पाय दाबला जातो आणि मान मागे जाते. परिणामी त्यांच्या उजव्या चपलेचा तळ डाव्याच्या कितीतरी आधी झिजतो. पंचवटीत त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी चपला शिवायला बसणाऱ्या काकांनी एकदा न राहवून विचारलं, "सर, तुम्ही लंगडी खेळता का हो?" सर गंभीरपणे म्हणाले, "नाही. रोज सिन्नर रोडने जातो." सरांच्या घरी काकू तर सांगतात, की टीव्हीवरच्या बातम्या बघतानाही ह्यांचा पाय जमिनीत रुतलेला असतो. जणू निवेदिका फारच वेगात चालली आहे.

पायाच्या खालोखाल त्यांची खाकी पिशवी. ती खांद्याला लावल्याशिवाय सर मुलांना घेऊन गावात जात नाहीत. तीत दोरी असते, शिट्टी असते, मीठ-साखरेच्या पुड्या, कापूर, खडीसाखर, एक टॉर्च, त्या टॉर्चवर विश्वास नसल्यामुळे दुसरी टॉर्च, आणि कुणाचे तरी मोजे ओले होतील म्हणून कोरडे मोजे. मी नवा असताना या पिशवीला मुलांसमोर हसलो होतो. "सर, यात एखादी होडीही असेल ना?" असा विनोद करून मी एका शेताचं तारेचं कुंपण रुबाबात ओलांडायला गेलो. कुंपण मी ओलांडलं, पण माझ्या पँटचा बराच भाग अलीकडेच राहिला. सरांनी पिशवीतून सेफ्टी पिनांची डबी काढली, मला बाभळीच्या आडोशाला नेलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून मला टाचून काढलं. टाचताना पुटपुटत होते, "टोचली तर सांग. गंजलेली नाही ना? तुझं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय?" उरलेला दिवस मी पाठ भिंतीला लावून काढला.

आता या गावात जाण्याबद्दल सांगायला हवं. प्रथम वर्षाला एक विषय असतो. मुलांनी एखाद्या वस्तीत जायचं, तिथल्या माणसांची एखादी अडचण शोधायची आणि तिच्यावर काहीतरी बनवून त्यांना द्यायचं. बाकीच्या कॉलेजांत हा विषय कागदावर उरकता येतो असं मी ऐकून आहे. आमच्याकडे सर आहेत. पहिल्या तासाला मुलं ड्रोन आणि रोबोची स्वप्नं घेऊन बसलेली असतात आणि सर म्हणतात, "यंत्र नंतर. आधी कुणाच्या तरी घरी जा, बसा, पाणी प्या. तिसऱ्या खेपेपर्यंत 'आम्ही तुमच्यासाठी' हे शब्द जो उच्चारेल त्याचा मी गुण कापेन." एखादा चलाख मुलगा विचारतो, "सर, मग प्रॉब्लेम स्टेटमेंट कधी लिहायचं?" सर म्हणतात, "पाणी प्यायलास? नाही ना? मग बस." हा नियम मलाही लागू होता, पण मी प्राध्यापक असल्यामुळे मला तो समजला नव्हता. पहिल्याच फेरीत पारावर बसलेल्या एका आजोबांना मी सौरपंप इतका जीव ओतून समजावला, की माझ्या घशाला कोरड पडली. सगळं शांतपणे ऐकून घेऊन ते म्हणाले, "चांगलं हाय. पण मी या गावचा नाय. मी गाडीची वाट बघतोय." गाडी आली, ते गेले. जाताना खिडकीतून हात हलवला. सर मागेच उभे होते. ते एवढंच म्हणाले, "पाणी प्यायलास का?"

मुलं वस्तू बनवतात, गावाला देतात, गुण मिळवतात आणि पुढच्या वर्गात जातात. सर मात्र त्या वस्तूंच्या मागेच राहतात. प्रत्येक वस्तू म्हणजे त्यांची सासरी दिलेली लेक. रविवारी तेलाची कुपी आणि ग्रीसचा डबा पिशवीत टाकून ते कुठल्या ना कुठल्या लेकीची ख्यालीखुशाली विचारायला निघतात. कधी वणीच्या बाजूला, कधी पार पेठच्या डोंगरात. आणि लेकींची अवस्था काय वर्णावी! पाणी वाहून आणायच्या गाडीला शेळी बांधलेली. भाजी वाळवायच्या सौरपेटीत कोंबडी अंड्यांवर बसलेली, ती सरांकडे अशी बघते की झाकण लावून परत यावं. द्राक्षबागेत घड विरळताना बायकांच्या माना अवघडतात म्हणून केलेल्या उंच स्टुलावर मालकाचा टीव्ही. सोमवारी मी विचारायचो, "काय सर, वापरतात का?" सर चहाच्या कपात बघत म्हणायचे, "अरे, जागा चांगली दिलीय तिला. ऊन लागत नाही." कुठल्याही बापाने लेकीच्या सासरची तक्रार याहून कमी शब्दांत केली नसेल.

सरांच्या निवृत्तीला साधारण दीड वर्ष उरलं होतं, तेव्हा प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. प्राचार्य वाईट माणूस नाही, पण त्यांच्या टेबलाला काच आहे आणि ते त्या काचेकडे बघून बोलतात. म्हणाले, "सर, तुमच्या वस्तू गावात जातात आणि झोपतात. यंदा बाहेरचे परीक्षक प्रत्यक्ष गावात बघायला येणार आहेत, मीही येणार आहे. वस्तू वापरात दिसली तर ठीक. नाहीतर पुढच्या वर्षीपासून मुलांनी वर्गातच थर्मोकोलची मॉडेलं करावीत." थर्मोकोल हा शब्द ऐकताच टेबलाखाली सरांचा उजवा पाय दाबला गेला. तो माझ्या पायावर होता. बाहेर कँटीनमध्ये आल्यावर सरांनी दोन चहा मागवले आणि आपला कप नुसता गोल फिरवत बसले. मग म्हणाले, "मला एकदाच असं बघायचंय रे, की आपण गेलो आणि कुणाला आपल्याकडे बघायलासुद्धा वेळ नाही. वस्तू चाललीय, माणसं कामात आहेत, आपण दारात उभे. बस्स. मग मी सुखाने घरी बसेन." मी काहीतरी गमतीचं बोलणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून चहाच प्यायलो. तो गार झाला होता.

त्या वर्षीची लेक होती कुरडईचं यंत्र. सिन्नरच्या पुढच्या एका गावात बायकांचा बचत गट आहे. हिराबाई त्याच्या अध्यक्ष. उन्हाळ्यात हा गट पापड, शेवया, कुरडया करून विकतो. कुरडई खायला जितकी हलकी, घालायला तितकीच जड. गहू भिजवायचे, वाटून त्यांचा चीक काढायचा, तो शिजवून घट्ट करायचा आणि गरम आहे तोवरच सोऱ्यातून दाबायचा. गार झाला की चीक हटून बसतो. आमच्या मुलांनी तिसऱ्या खेपेपर्यंत इमानाने पाणी प्यायलं. तिसऱ्या खेपेला हिराबाईंनी आपणहून हात पुढे करून तळवे दाखवले. सोऱ्या दाबून दाबून लाल झालेले, फोड आलेले. गटप्रमुख होती ऋतुजा, वणीची. तिला काही सांगावंच लागलं नाही, तिच्या आईचे तळवे असेच होते. मुलांनी पायाने दाबायचं यंत्र केलं. लोखंडी चौकट, सायकलचं पेडल, स्प्रिंग, वर मोठा पितळी सोऱ्या आणि खाली हाताने फिरवायची चकती. ऋतुजाने त्याला असा काही आकाशी रंग दिला, की वर्कशॉपमधले लोक नुसते बघायला येऊन जायचे.

त्या दिवसांत सरांची काळजी ऐन बहरात होती. एका पहाटे फोन वाजला. मी झोपेत उचलला. पलीकडून सर एवढंच म्हणाले, "अरे, पदर." मी दचकून उठलो. कुणाचा, कुठला, मी काय केलं, असं सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. सौ.ही उठून बसली आणि माझ्याकडे बघू लागली. सर म्हणाले, "बाई वाकणार, पाय पेडलवर, पदर पुढे. स्प्रिंगमध्ये गेला तर?" त्या दिवशी मुलांनी स्प्रिंगला पत्र्याचं झाकण बसवलं. दुसऱ्या पहाटे फोन आला, "बांगड्या." तिसऱ्या पहाटे फोन आला नाही, तर मलाच झोप लागेना. शेवटी मीच सरांना फोन करून म्हणालो, "सर, मंगळसूत्र." सरांनी सुस्कारा सोडला. "तू आता तयार झालास," ते म्हणाले.

यंत्र गावाला दिलं तो सोहळा थाटाचा झाला. पेडलला हळदकुंकू लागलं, सोऱ्याला झेंडूचा हार पडला, प्राचार्यांनी नारळ फोडला, दर्शनी पट्टीवर कॉलेजचं नाव ठळक अक्षरांत होतं. पहिली कुरडई प्राचार्यांच्या पायाने घातली. ती नाशिक जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली, तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिराबाई म्हणाल्या, "लय झ्याक हाय! आमच्या घरात असली वस्तू आजपतुर आली नाय." यंत्र त्यांच्या पुढच्या खोलीत, देवाच्या फोटोखाली ठेवलं गेलं. परतताना जीपमध्ये सरांचा पाय जवळजवळ सैल होता.

पुढच्या रविवारी सर तेलाची कुपी घेऊन गेले, मला सोबत ओढून. हिराबाईंनी यंत्रावरची भरतकामाची चादर काढली, खाली पॉलिथिनचा कागद होता, तो काढला आणि आम्हाला यंत्र चालवून दाखवलं. आकाशी रंग लखलखत होता. "वापरता ना?" सरांनी विचारलं. "वापरतो की! लय वापरतो," हिराबाई म्हणाल्या आणि चादर परत घातली. त्याच्या पुढच्या रविवारी तेच. सर वाकून स्प्रिंगकडे बघत राहिले. त्यांनी आदल्या रविवारी सोडलेला तेलाचा थेंब होता तिथेच, होता तसाच होता, गोल. मग हिराबाईंनी चहाचा कप पुढे केला, तेव्हा सरांनी त्यांच्या तळव्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. फोड ताजे होते. सर एसटीत बसल्यावर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात परीक्षक." मग थोड्या वेळाने, "जागा चांगली दिलीय रे तिला." रस्ता मोकळा होता, समोर ना म्हैस ना वळण, तरी सरांचा पाय नाशिक येईपर्यंत दाबलेला होता.

"आपण हिराबाईंना आधी सांगून ठेवू, की त्या दिवशी यंत्र चालवा," असं मी सुचवलं. सरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी काही तरी उष्टं त्यांच्या ताटात टाकलंय. "नाटक नको," ते म्हणाले. "झोपलं असेल तर झोपलेलं दिसू दे." मी हो म्हणालो. आणि परीक्षक यायच्या आदल्या दिवशी, सरांना न सांगता, मी एकटा गावात गेलो. विचार साधा होता. यंत्र पुढच्या खोलीतून काढून मागच्या अंगणात चुलीपाशी नेऊन ठेवायचं. नाटक नाही, फक्त रंगमंचाची मांडणी. हिराबाई, त्यांची धाकटी जाऊ आणि मी असे तिघे उचलायला लागलो. हिराबाई म्हणाल्या, "सर, आधी सोऱ्या काढून घेऊ का? वर जड हाय." मी म्हणालो, "मावशी, गुरुत्वमध्य हा माझा विषय आहे." मागच्या ओट्याच्या पायरीवर गुरुत्वमध्याने माझ्याकडे पाठ फिरवली. यंत्र आधी कललं, मग विचार करत थांबलं, मग मोठ्या आवाजात अंगणात गेलं. मी त्याच्या मागून गेलो, पण मला लागलं नाही, कारण मी यंत्रावरच पडलो.

शेजारपाजारच्या बायका धावत आल्या. चौकटीचा एक पाय वाकून सुटला होता, चकती जाम झाली होती, आकाशी रंगाचे टवके उडाले होते आणि कॉलेजच्या नावाची पट्टी सुटून शेणाच्या पाटीत पडली होती. माझ्या डोळ्यांसमोर थर्मोकोल दिसायला लागलं. पांढरं, स्वच्छ, वर्गातल्या वर्गात. "मावशी, मी सरांना काय सांगू?" एवढंच मला बोलता आलं. हिराबाई कमरेवर हात ठेवून यंत्राकडे बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "सर, खरं सांगू का? आम्ही त्याला हातच लावला नव्हता. तुमच्या मोठ्या सायबाच्या हातचा नारळ, पोरीनं किती जिवानं दिलेला रंग. चिकाचे हात त्याला कसे लावायचे? खरचटलं तर पोरं काय म्हणतील? माझ्या लेकीनं दिलेला डिनर सेट अजून खोक्यात हाय बघा." मला हसावं की रडावं कळेना. आमच्या घरातल्या सोफ्याचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. पाहुणे त्यावर घसरतात, पण सोफा नवा आहे. धाकटी जाऊ वाकून टवक्यांवर बोट फिरवत म्हणाली, "आता काय नवं राह्यलं त्यात?" फाट्यावरचा वेल्डिंगवाला सकाळपर्यंत पाय जोडून देतो म्हणाला. संध्याकाळच्या गाडीने मी परतलो.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये पुढे प्राचार्य, मध्ये दोन परीक्षक आणि मागे सर, ऋतुजा आणि मी. सरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुझा चेहरा असा का झालाय?" मी म्हणालो, "काही नाही सर." त्यांनी पिशवीतून मीठ-साखरेची पुडी काढून दिली. मी ती तशीच, कोरडी, तोंडात टाकली. सांगावं असं दहादा ओठांवर आलं. ऋतुजा आनंदाने परीक्षकांना सांगत होती, "सर, रंग आम्ही दोन हात दिलाय." मला प्रत्येक वळणावर वाटत होतं, की जीप बंद पडावी, रस्त्यात म्हशी बसाव्यात, अगदी हलकासा अपघात झाला तरी चालेल. कुठल्या तरी वळणाला ड्रायव्हरने ब्रेक लावला आणि मी खाली पाहिलं, तर सरांच्या उजव्या पायाशेजारी माझाही उजवा पाय दाबलेला होता. सरांनीही ते पाहिलं. ते फक्त म्हणाले, "गाव येऊ दे."

गाव आलं. पुढच्या खोलीत यंत्र नव्हतं. देवाच्या फोटोखाली नुसती चादर घडी करून ठेवलेली. प्राचार्यांनी सरांकडे पाहिलं, सरांनी माझ्याकडे, मी देवाकडे. तेवढ्यात मागच्या अंगणातून खडखडाट ऐकू आला. आम्ही सगळे ओट्यावर गेलो. अंगणभर धूर होता. चुलीवर पातेल्यात चीक रटरटत होता आणि सात-आठ बायका त्याभोवती अशा फिरत होत्या, जणू घरात लगीन आहे. मध्यभागी यंत्र. एका पायाखाली वीट. लोखंडी पेडलवरून पाय निसटू नये म्हणून त्याला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. जाम झालेली चकती काढून तिथे एक उपडं ताट ठेवलेलं आणि धाकटी जाऊ ते ताट गरागरा फिरवत होती. हिराबाई पेडलवर. पदर कमरेला घट्ट खोचलेला. कुरडया भराभर पडत होत्या आणि दोघीजणी त्या उचलून पलीकडच्या खाटेवर पसरत होत्या. सगळं यंत्र चिकाने माखलं होतं, आकाशी रंग शोधावा लागत होता.

"नमस्कार, नमस्कार!" प्राचार्य पुढे होऊन म्हणाले. कुणी वर पाहिलं नाही. परीक्षकांपैकी एकाने घसा खाकरला. "मावशी, आम्ही कॉलेजकडून," म्हणत प्राचार्य यंत्रापाशी गेले. हिराबाई पायावर जोर देत ओरडल्या, "ओ, बाजूला व्हा! चीक गार होईल!" प्राचार्य बाजूला झाले, ते नेमके राखेत. दुसऱ्या बाजूने एक बाई पातेलं घेऊन आली आणि म्हणाली, "सायेब, वाट सोडा ना. नायतर धरा हे." साहेबांनी धरलं.

मी सरांकडे पाहिलं. ते ओट्याच्या कडेला उभे होते, पिशवी खांद्याला. त्यांची नजर विटेवर गेली, चिंधीवर गेली, ताटावर गेली, वेल्डिंगच्या ओबडधोबड जोडावर बराच वेळ थांबली आणि शेवटी खोचलेल्या पदरावर येऊन टेकली. ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "सर, माझा रंग," ती म्हणाली. सर तिला म्हणाले, "बाळ, बघ ना. त्यांना आपल्याकडे बघायलासुद्धा वेळ नाही." मग अगदी हळू मला विचारलं, "कुणी पाडलं?" मी म्हणालो, "मी." सरांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. बक्षीस द्यायच्या वेळी धरतात, तसा धरला होता.

परीक्षकांनी शेरा दिला, "उपकरणाची देखभाल असमाधानकारक. संस्थेचा नामफलक आढळला नाही." सरांनी तो असा वाचला, जणू प्रशस्तिपत्र. परतीच्या जीपमध्ये प्राचार्य नखाने शर्ट खरवडत होते. त्यांच्या बुटांना राख होती, शर्टावर चीक वाळला होता. मग स्वतःशीच म्हणाले, "त्या बाई मला बाजूला व्हा म्हणाल्या." सर म्हणाले, "हो सर." "मला." "चीक गार होत होता सर." जीप सिन्नरला लागली तेव्हा प्राचार्य म्हणाले, "पुढच्या वर्षी चालू ठेवा. पण मला नेऊ नका."

पुढचं वर्ष सरांचं शेवटचं. त्या वर्षी कुठलीही वस्तू गावाला द्यायची वेळ आली, की सर मुलांना चहाला पाठवायचे आणि मला म्हणायचे, "तुझा हात लागू दे." मी हातोडीने एखादा पोचा पाडायचो. कधी रंगावर किल्ली ओढायचो. सर त्या वेळी तोंड फिरवून उभे राहायचे, त्यांच्याच्याने ते बघवायचं नाही. नारळ बंद झाला. पट्टी बंद झाली. यामुळे सगळ्या वस्तू वापरात आल्या असं मी म्हणणार नाही. एकीत अजून कोंबडी बसते. पण सरांच्या सोमवारच्या चहाला थोडी चव आली होती.

निवृत्तीच्या समारंभात शेवटच्या तुकडीने त्यांना एक खुर्ची दिली. मुलं म्हणे चोरून तीन खेपा सरांच्या घरी गेली होती. बसली, पाणी प्यायली, काकूंशी बोलली आणि सरांची अडचण शोधून आली. खुर्ची सागवानी, पाठ टेकायला मऊ, आणि उजव्या पायाखाली एक पेडल. स्प्रिंगचं. ते कशालाच जोडलेलं नव्हतं. दाबलं की नुसतं दबायचं आणि सोडलं की वर यायचं. सभागृह हसून हसून कोसळलं. सरही हसले, मग चष्मा पुसला, आणि मग पुसतच राहिले.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. पंचवटीतलं घर, खालच्या गल्लीतून भाजीवाल्यांचा ओरडा वर येत होता. सर प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बातम्या बघत होते, पाय फरशीत रुतलेला. शेजारी ती खुर्ची. तिच्यावर चादर, चादरीखाली पॉलिथिन. मी नुसतं तिकडे बोट केलं. सर ओशाळले. "मुलांनी दिलीय रे. कशी झकास केलीय! बसलो आणि खरचटली तर?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मी सांगून थकले. तुम्हीच बघा आता."

काकूंनी माझ्या हातात चहाचा कप दिला. भरलेला. मी उठलो, खुर्चीवरची चादर काढली, कागद काढला. मग कप तिरका केला. "अरे, अरे, अरे!" सर ओरडले, त्यांचा पाय फरशीवर कचकचून दाबला गेला, पण चहा थांबला नाही. खुर्चीच्या हातावर, सागवानावर, एक चांगला ठसठशीत डाग. सर त्या डागाकडे बघत राहिले. मग रुमाल काढला, पुसायला वाकले, आणि पुसताना त्यांचा हात मध्येच थांबला. त्यांनी रुमाल खिशात ठेवला. सावकाश, जुन्या एसटीत खिडकीची जागा मिळाल्यासारखे, ते खुर्चीत बसले. उजवा पाय आपोआप पेडलवर गेला.

टीव्हीवर निवेदिका भरधाव बोलत होती. सरांनी पेडल दाबलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ते कुरडईचं... यंदा चालू झालं का रे?"

"हिराबाईंना फोन केला होता," मी म्हणालो. "उचलला नाही. कामात असतील."

सरांनी मान हलवली आणि पाय हळूहळू वर येऊ दिला.